फळ्यांखालचं पाणी

मंगळवार, ९ मार्च

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. काल संध्याकाळच्या भरतीला आपली नाव गाळातून सुटली. तळ शाबूत आहे. सुतारकाका गुडघाभर चिखलात उतरून बघून आले, म्हणाले, "सपाट बुडाची म्हणून नुसती बसली. दुसरी असती तर आडवी झाली असती." तेव्हा काळजी नको. मुलं बरी आहेत. धाकटी तुमच्यासारखीच बडबडी निघाली आहे.

तुमचे दादा म्हणतात, वारा पडला. पण त्या वेळी माझ्या चादरी दोरीवरून उडत होत्या. मग भर दुपारी, रोजच्या वाटेवर नाव रुतली कशी? मला काही चैन पडेना. आज सकाळी नाव धक्क्याला आणायची होती, तर मीही चढले.

"तू कशाला?"

"हवा खायला."

"घरात हवा संपली का?"

शीड फुगल्यावर मात्र म्हणाले, "आता बोलू नकोस." मी तोंड मिटलं. बघते तर यांची नजर पाण्यावर नाहीच. मान खाली, कान फळ्यांकडे. खोल पाणी तळाखाली घुमतं, उथळ झालं की खसखसतं. थोड्या वेळाने मलाही कळायला लागलं. त्या आवाजावर हे सुकाणू वळवत होते. रुतली त्या दिवशी नावेत लव्हाळे कापणाऱ्या बायका होत्या, आणि त्या काय गप्प बसणार?

मी मुद्दाम म्हटलं, "अहो, उजवीकडे खुंट आहे."

"दिसतोय की," म्हणाले, आणि नाव डावीकडे घेतली.

भाऊजी, तिथे खुंट नव्हता.

नावेला इंजिन बसवा म्हणालात, यांनी ऐकलं नाही, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. हट्टी आहेत म्हणून मीही तुमचीच री ओढली होती. इंजिनाच्या धडधडीत फळ्यांचा आवाज ऐकू येतो का हो? तुम्हाला जास्त कळतं, तुम्हीच सांगा.

मला कळलंय हे त्यांना ठाऊक नाही. एवढ्यात कळू देऊ नका. डोळ्यांच्या डॉक्टरांचं मी बघते.

रविवारी मोठी भरती आहे. लव्हाळ्याचे भारे पलीकडे न्यायचेत, बायकाही असतील. सुकाणू हेच धरतील, दुसऱ्या कुणाला देणार नाहीत. पुढे बसून वाट सांगणारा कुणीतरी हवा. तुम्ही येताय असं मी यांना सांगून टाकलंय. बराच वेळ दोर गुंडाळत राहिले, मग म्हणाले, "त्याला म्हणावं, इंजिन आणू नकोस."

पाणी चढलं की सकाळीच नाव सुटेल. शनिवारी मुक्कामाला या.

तुमच्या भरवशावर बोलून बसलेली,
वहिनी