लॉकच्या चकतीसह जीप सलोनीला

मी, पद्मजा अनंत परचुरे, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणी कान न भरता, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांचे भिंतीवरचे घड्याळ चार मिनिटे मागे आहे हेही सांगितले. त्यांनी पुढे काही विचारले नाही.

मला कोणताही मोठा आजार नाही. गुडघे गेले आहेत. जीपखाली अजून जाता येते, पण बाहेर येता येत नाही. गेल्या महिन्यात वॉचमन शंभूला हाक मारून पाय ओढायला लावावे लागले. तेव्हा ठरवले, की आता कागद करायचा.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी जुनी विद्यार्थिनी अॅडव्होकेट ऋतुजा हिने करावी. भूमितीत ती बेताची होती, पण एक पायरीही कधी गाळत नसे. तिने या मसुद्यातून 'मूर्ख' हा शब्द तीन ठिकाणी काढायला लावला आहे. तो कोणाला उद्देशून होता हे ज्यांचे त्यांना कळेल.

कलम २. राहता फ्लॅट मुलगा गंधार आणि मुलगी सलोनी यांना निम्मा निम्मा. दोघांनी तो विकला तरी माझी हरकत नाही, भिंतींत माझा जीव अडकलेला नाही. बँकेतल्या ठेवी आणि दागिने यांची यादी वेगळी जोडली आहे, तीत भांडण्याजोगे काही नाही.

कलम ३. गंधार बंगळुरूला असतो. दर रविवारी न चुकता फोन करतो, मुलगा चांगला आहे. फोनवर त्याचे ठरलेले वाक्य असते, "आई, ती जीप स्क्रॅप करून टाक ना. सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीवर डिस्काउंट मिळतो. इट्स जस्ट लोखंड." बाळ गंधार, तू ज्या विमानांतून फिरतोस तीही शेवटी पत्राच असतात. जीपवर तुझा कोणताही हक्क राहणार नाही. तुला वडिलांचा रेडिओ आणि माझी सर्व पुस्तके दिली आहेत.

कलम ४. हत्यारे. बॉक्स पान्यांचा संच, दोन जॅक, ग्रीस गन आणि स्टीलचे एक मोठे ताट सलोनीला. ताटाबद्दल खुलासा करते. माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते. धरणांच्या कामावर जाता यावे म्हणून त्यांनी १९९९ साली ही फोर व्हील ड्राइव्ह जीप एका कंत्राटदाराकडून जुनी घेतली. चालवायची हौस त्यांना दांडगी, पण नट कोणत्या बाजूला फिरवला म्हणजे सुटतो हे शेवटपर्यंत लक्षात राहिले नाही. पहिल्याच पावसाळ्यात गाडी बंद पडली, गॅरेजवाल्याने आठ दिवस ठेवून घेतली आणि होती तशीच परत दिली. मी जीपचे माहितीपुस्तक उघडले. आत सगळ्या आकृत्या होत्या. आकृती वाचणे हा माझा धंदाच होता.

तेव्हापासून मी सुटे भाग ताटात मांडते, पान वाढल्यासारखे. मीठ वाढतात तिथून सुरुवात, आधी निघालेला भाग आधी, मग डावीकडून उजवीकडे. बसवताना उलट यायचे. ताट रिकामे झाले की काम संपले. ताटात काही उरले तर काम संपलेले नाही. हा नियम मी सव्वीस वर्षे पाळला, एकदा सोडून.

कलम ५. सोसायटीचे सचिव श्री. रावसाहेब धुमाळ यांना लाकडाच्या भुशाचे एक पोते. त्यांनी माझ्या नावाने 'पार्किंगमध्ये तेल सांडू नये' अशा एकूण सात नोटिसा लावल्या. तेल त्यांच्या गाडीचे गळते. मी दर शनिवारी भुसा टाकून पुसते. यापुढे त्यांनी स्वतः पुसावे.

त्यांचे आणखी एक देणे आहे. २००५ साली मी जीपखाली क्लच जोडत असताना ते यजमानांना म्हणाले, "परचुरे, राग मानू नका, पण बाईमाणसानं उघडलेल्या गाडीत मी तर बुवा बसणार नाही." यजमान हसले. जीपखालून माणसांचे फक्त बूट दिसतात, पण ऐकू स्वच्छ येते. ते वाक्य मी विसरायला हवे होते. ते न विसरल्यामुळे काय झाले ते कलम ७ मध्ये आहे.

कलम ६. जीप सलोनीला. तिच्याबरोबर पुढील सूचना. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुढच्या चाकांच्या मध्यावरची दोन्ही हब हाताने फिरवून लॉक करावीत, फोर व्हीलचा दांडा टाकावा आणि गाडी कच्च्या रस्त्यावर मैलभर चालवावी, म्हणजे पुढच्या अॅक्सलला तेल पोचते. कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकू नये, आतले गिअर एकमेकांशी भांडत बसतात. सुटे भाग नाना पेठेत दशरथकडून घ्यावेत. तो आधी म्हणेल, "ताई, डुप्लिकेट चालंल का?" आपण गप्प उभे राहावे. मग तो आतून अस्सल आणतो. नोंदणीचे नूतनीकरण यंदा आहे, आदल्या आठवड्यात हॉर्न आणि दिवे तपासावेत.

चाकाच्या नटांवर लाल रेघा दिसतील. त्या नेलपॉलिशच्या आहेत. नट आणि त्याची बैठक मिळून एकच रेघ ओढायची. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. ज्या बाईने जन्मात नखे रंगवली नाहीत तिच्याकडे २००९ पासून नेलपॉलिशची बाटली कशी, हे मला आजवर कोणी विचारले नाही.

कलम ७. हे कलम माझ्याबद्दल आहे.

२००९ च्या खंडेनवमीला सकाळी मी पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग ग्रीस करून बसवत होते. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्याला जीपने सीमोल्लंघन करायचे हा आमचा शिरस्ता. त्या चाकाला दोन मोठे नट असतात. आतला नट, मग लॉकची चकती, मग बाहेरचा नट. चकतीची कड नटावर दुमडायची, म्हणजे नट सुटत नाहीत. मी आतला नट बसवला आणि वरून यजमानांची हाक आली, "अहो, पाट मांडलाय. हत्यारं आणा, मुहूर्त जातोय." मी ताट उचलून वर नेले. पाने, जॅकचा दांडा, सगळे पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले, फुले वाहिली. पूजा झाली की त्या दिवशी हत्यार उचलायचे नाही, आणि शेजारच्या बायका तर कुंकवाला येऊन बसल्या होत्या. बाहेरचा नट माझ्या खिशात होता आणि मोठा बॉक्स पाना खाली चाकाजवळच राहिला होता, म्हणजे त्याची पूजा झालेली नव्हती. मी पाच मिनिटांत खाली जाऊन नट फिरवला, हबचे झाकण लावले आणि वर येऊन सगळ्यांना कॉफी दिली. ताट समोर नव्हते, त्यामुळे ताटात काय उरले ते पाहिले नाही.

दसऱ्याला वरंधा घाटात सलोनी गाडी चालवत होती. ती बावीस वर्षांची होती आणि यजमानांपेक्षा चांगली चालवत असे. उतारावर डावे चाक डगमगले, गाडी डावीकडे ओढली गेली आणि डोंगराला धडकली. दुसऱ्या बाजूला दरी होती, हे मी रोज स्वतःला सांगते. सलोनीला खरचटले. शेजारी बसलेल्या यजमानांचे मांडीचे हाड मोडले, ते पुढे कायम लंगडले.

इस्पितळात सलोनी मला म्हणाली, "आई, चाक आधी हललं. मग मी ब्रेक मारला."

संध्याकाळी घरी येऊन मी पाटावरची पूजा उतरवली. पान्यांच्या रांगेत, झेंडूच्या फुलाखाली, लॉकची चकती होती. मी तिलाही कुंकू लावले होते.

तेव्हा मला रावसाहेबांचे वाक्य आठवले. बाईमाणसानं उघडलेली गाडी. मी बोलले असते तर ते खरे ठरले असते, आणि मला पुन्हा पान्याला हात लावू दिला नसता. म्हणून मी गप्प राहिले. जीप ओढून घरी आणवली, दशरथलाही हात लावू दिला नाही, एकटीने हब उघडले, खराब नट भंगारात टाकले. आणि सलोनीला म्हणाले, "होतं असं. घाबरल्यावर मागचं पुढं वाटतं."

मग सगळे तिलाच बोलले. पोरीच्या हातात घाटात गाडी दिली, हे रावसाहेब जिन्यात ऐकू जाईल असे म्हणाले. यजमान प्रेमळ होते, पण दर दसऱ्याला म्हणत, "सलू, तू तिथं ब्रेक उशिरा लावलास बघ." मी समोर बसून सोने वाटत असे. ते २०१९ साली गेले, तेच मनात धरून गेले. सलोनीने त्या दिवसापासून कोणतीही गाडी चालवलेली नाही. हडपसरला राहते, स्वारगेटला बस बदलून येते. बाईला गाडी येते हे सिद्ध करण्यासाठी मी माझ्याच मुलीला गाडी येत नाही असे ठरू दिले. हाडे जुळतात. तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास मी मोडला, आणि याची मला लाज वाटते.

कलम ८. देवघराच्या खणात वातींच्या डब्यात ती चकती आहे. ती सलोनीला, जीपच्या आधी द्यावी. हे मृत्युपत्र रावसाहेबांसमोर मोठ्याने वाचावे.

कलम ९. हे कलम नंतर वाढवले आहे. मसुदा वाचून ऋतुजाने पेनचे टोपण लावले. मग म्हणाली, "बाई, हे सातवं कलम तिला मी वाचून दाखवणार. तुम्ही तेव्हा नसणार. मग तिनं भांडायचं कोणाशी?"

मी तीस वर्षे मुलींना सांगत आले, की चूक फळ्यासमोर उभे राहून दुरुस्त करायची, बाकावर बसून नाही. ८ फेब्रुवारीच्या रविवारी सलोनीला बोलावले. तिने कलम ७ उभ्यानेच वाचले.

"चाक आधी हललं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी सांगितलं होतं तुला."

"हो. सांगितलं होतंस."

"निदान बाबांना तरी सांगायचंस."

मी चहा टाकला. चहा न घेता ती गेली. आठवडाभर फोन नाही. मीही केला नाही, रागावण्याचा हक्क तिचा होता आणि तो तिने पुरता वापरावा असेच मला वाटत होते.

आज सकाळी ती आली आणि खुंटीवरची किल्ली काढली.

"लायसन्स आहे का?" मी विचारले.

"आहे. गेल्या वर्षी रिन्यू केलं."

"कशाला?"

"माहीत नाही. बस शेजारी."

मी यजमानांच्या जागी बसले. तिने चाकांच्या नटांवरच्या रेघा वाकून पाहिल्या, मगच स्टिअरिंगला बसली. कात्रजच्या जुन्या घाटाचे पहिले वळण तिने अगदी हळू घेतले. दुसरे जरा बरे. तिसऱ्यानंतर गाडी कडेला घेतली.

"डावीकडून आवाज येतोय. चाकाचा. घुमतंय काहीतरी."

तिने गाडी पुन्हा हळू पुढे घेतली आणि मी कान दिला. मला काही ऐकू आले नाही.

"मला येतोय, आई."

"मग येत असणार," मी म्हणाले. हे तीन शब्द सोळा वर्षे उशिरा निघाले.

घरी येऊन चाक काढले. जीपखाली ती गेली, मी स्टुलावर बसून ताट धरले. बेअरिंगमधले ग्रीस जळून काळे झाले होते. आवाज खरा होता. सगळे धुऊन, नवे ग्रीस भरून तिने आतला नट बसवला आणि हात पुढे केला. मी आत्ताच काढलेली चकती द्यायला गेले तर म्हणाली, "नाही, ती." मी वातींचा डबा आणला. चकतीवर कुंकवाचा तांबूस डाग अजून आहे. तिने तो पुसला नाही, तशीच बसवली, बाहेरचा नट फिरवला आणि कड दुमडली.

सबब कलम ८ मधील चकतीची तरतूद रद्द समजावी, ती आता जीपमध्येच आहे. जीपही आजच सलोनीच्या ताब्यात दिली आहे, माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. वाचनाचेही आजच उरकले आहे. रावसाहेबांना साक्षीदार म्हणून खाली बोलावले आणि कलम ५ व ७ त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतले. "वहिनी, मी तेव्हा सहज बोललो होतो हो," ते म्हणाले. मीही सहजच लिहिले आहे. मग ते सलोनीकडे वळून म्हणाले, "ताई, चुकलं आमचं." ती जीपखाली होती. तिला त्यांचे बूट दिसत असणार, आणि ऐकू तर स्वच्छ येते.

वरील मजकूर मी वाचून, समजून खाली सही केली आहे.

पद्मजा अनंत परचुरे

साक्षीदार १: रावसाहेब धुमाळ. सही माझ्यासमोर झाली. तेल माझ्याच गाडीचे आहे, खात्री केली.
साक्षीदार २: शंभू गायकवाड, वॉचमन. बाईंनी सही माझ्यासमोर केली.

स्थळ: सोसायटीचे पार्किंग, बिबवेवाडी, पुणे
दिनांक: १५ फेब्रुवारी २०२६, रविवार

टीप: शेवटच्या पानावर सहीशेजारी जो काळा डाग आहे तो खाडाखोड समजू नये. तो ग्रीसचा आहे. मी सही करताना वाऱ्याने कागद उडत होता, तो सलोनीने अंगठ्याने दाबून धरला होता.