वत्सलेचे तीन नवरे

विद्यानगर, हुबळी

ती. अंबूअक्कास,

धाकट्या शेषगिरीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकलो असं समजून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? वत्सला रुसून तुझ्याकडे अळणावरला आली आहे, म्हणजे तिची बाजू तू ऐकलीच असशील. (माहेर सोडून नणंदेकडे रुसून जाणारी बायको मी तरी दुसरी पाहिली नाही.) आता माझी ऐक. ती परत येते की नाही, हे सगळं तुझ्या हातात आहे. मला तशी घाई नाही.

हे सगळं त्या फोनमुळे झालं. त्यात फुलीगोळ्याच्या चौकटीसारखं एक चिन्ह असतं, त्याला टॅग म्हणतात. एक दाबला की त्याच नादाची शंभर माणसं पुढ्यात हजर. वत्सलेने दाबला कारळ्याच्या चटणीचा. तिथे कुणी बाई मीठ घालायला विसरली होती, म्हणून खाली विसरभोळेपणाचा टॅग. तो दाबला, तर डिसोसिएटिव्ह डिसऑर्डर! म्हणजे माणूस समोर असतो पण मन जागेवर नसतं, आणि कधीकधी एकाच देहात दोन-तीन जण नांदतात. चटणी राहिली बाजूला, ही चष्मा लावून माझ्याकडेच बघत बसली. ती बोलताना मी पंख्याकडे बघतो, हे पहिलं लक्षण. (अक्का, तिच्या मावशीच्या नणंदेच्या डोहाळजेवणाची हकीकत चालली होती. मी बघू तरी कुठे?) मग पिशवी घेऊन ती माझ्या मागोमाग बाजारात. भाजीवालीला मी कन्नडमध्ये "एन यव्वा, आराम इद्दी?" म्हणून हसत खुशाली विचारली. बँकेत इंग्रजीत ताठ उभा राहिलो. घरी येऊन मराठीत म्हणालो, "चहा." झालं! एकात तिघं सापडले. हुबळीत घरोघरी हीच तऱ्हा, पण हिला सांगणार कोण? तिने तिघांचेही व्हिडिओ टाकले आणि वर टॅग लावला, #माझेतीननवरे. आता लॅमिंग्टन रोडवर माझे जुने अशीलसुद्धा विचारतात, वकीलसाहेब, आज तिघांपैकी कोण आलंय?

शेवटी डॉक्टर गाठले. ते म्हणाले, "बाई, ज्यांना हा आजार खरंच असतो त्यांचे हाल फार वाईट असतात. यांना काही झालेलं नाही. हे नुसतं ऐकत नाहीत." मी विजयाने हसलो (शेवटचं वाक्य मला वत्सलेने घरी आल्यावर सांगितलं). मग ती म्हणाली, "आजारही नाही? मग कन्नडवाला भाजीवालीशी गोड बोलतो, अन् माझ्या वाट्याला हा चहावालाच का?" यावर मराठीवाला म्हणाला, तुझंच डोकं तपासायला हवं होतं. तिने बॅग भरली. बोलू नये ते बोललो, अक्का.

असो. इकडे उत्तम चाललंय. खानावळीचं जेवण, घरात शांतता.

तुझा,
शेषू

ता. क. : फोनच करणार होतो, पण तिचा आवाज ऐकून तोंडातून पुन्हा "चहा"च निघेल अशी धास्ती वाटली. पत्र तिला वाचून दाखव. घाई नसल्याचं वाक्य तेवढं गाळ.

आणखी ता. क. : रविवारी तिला न्यायला येतो. आम्ही तिघेही येतो, तिकीट मात्र एकच काढीन. तिच्यावाचून घर खायला उठतं, यावर कधी नव्हे ते तिघांचं एकमत झालं आहे.