अर्धा सूर खाली

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळव. मी ठणठणीत आहे, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही, आणि चष्म्याचं दुकान काही तोंड लपवून चालवता येत नाही.

तुला माहीतच आहे, गेले सहा महिने दर रविवारी मी क्लॅरिनेट घेऊन पियानोच्या बाईंकडे जात होतो. (त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी त्यांचे डोळे तीनदा तपासले. एकदा पुरलं असतं.) आमचा दोघांचा कार्यक्रम नीट पार पडला तर त्यांना लग्नाचं विचारायचं, नाहीतर गुपचूप चष्मे विकत म्हातारं व्हायचं, असं मी ठरवलं होतं. वाजवायची होती एक इम्प्रेशनिस्ट रचना. या संगीताला म्हणे गोष्ट नसते. धुकं, पाणी, पाण्यावर हलणारा उजेड, एवढंच ऐकणाऱ्याला भासायला हवं. शेवटचे दोन दिवस बाईंनी ओठांना विश्रांती द्यायला सांगितली, म्हणून मी क्लॅरिनेटची पेटी उघडलीसुद्धा नाही. ते दोन दिवस मी तुझ्याकडेच होतो (घरी रंगकाम चालू होतं, म्हणून माझी दोन्ही क्लॅरिनेटं बरोबर आणली होती).

तर कार्यक्रमात पहिल्याच सुराला पियानो बेसूर. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी रागाने पियानोकडे पाहिलं. पान संपेपर्यंत आम्ही अबोला धरलेल्या शेजाऱ्यांसारखे एकाच जिन्यावरून उतरत होतो. दुसऱ्या पानावर मात्र एकदम जमलं. मला वाटलं, माझ्या फुंकरीने पियानोसुद्धा ताळ्यावर आला. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, सुरुवातीचं धुकं इतकं दाट होतं की त्यांना शेजारची बायकोही दिसेना. मी तडक पियानो लावणाऱ्या कारागिराला गाठून चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली. त्या भल्या माणसाने एकेक पट्टी दाबून दाखवली. सगळ्या सुरात होत्या. तोवर बाई निघून गेल्या आणि विचारायचं राहिलं.

तुझा चष्मेवाला भाचा

ता. क. तुझ्या पलंगाखाली एक काळी पेटी आहे का बघ. माझी दोन क्लॅरिनेटं दिसायला जुळी, पण एकाचा आवाज दुसऱ्याहून अर्धा सूर खाली. तुझ्याकडून निघताना मी चुकीचं उचललं (डोळ्यांवर चष्मा नव्हता). कारागिराची माफी मागून आलो. त्याने वाचायचा चष्मा फुकट करून घेतला.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाई दुकानात आल्या. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. मी सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "मला पहिल्या सुरालाच कळलं होतं. तुम्ही काही थांबेनात, म्हणून मग मीच अर्धा सूर खाली आले." आत्या, दुसऱ्या पानापासून शेवटपर्यंत त्यांनी प्रत्येक बोट कागदावर लिहिलंय त्याच्या एक पट्टी अलीकडे ठेवलं, आणि मी आपला मान डोलवत वाजवत होतो. मला इतकं भरून आलं की लग्नाचं विचारायचं सोडून मी त्यांच्या चष्म्याच्या काचाच पुसत बसलो. स्क्रू मुद्दाम थोडा ढिलाच ठेवला आहे, म्हणजे शनिवारी त्या पुन्हा येतील. पेटी पार्सलने पाठवू नकोस. तू स्वतः घेऊन ये आणि माझ्या वतीने तूच त्यांना विचार. गुडघ्याची सबब सांगू नकोस, दुकानाला एकच पायरी आहे.