बाबांच्या कपड्यांवरची धूळ

सौंसर,
१९ जानेवारी १९८८

प्रिय रजनी,

सप्रेम जयभीम. तुला सातवा लागला. आई कधी घ्यायला येते म्हणून तू सासरी तिगावात वाट पाहत असशील. डिंक आणून ठेवलाय, खाट कसून घेतलीय. तरी हे पत्र लिहून लिहून फाडतेय. आधी तब्येतीचं सांगते. घाबरू नकोस. म्हणजे थोडी घाबर, नाहीतर तू ऐकणार नाहीस.

दिवाळीत मला दम लागलेला तू पाहिलास, तेव्हा मी सर्दी म्हटलं. खोटं होतं. इथं टीबी धरून गोळ्या दिल्या, काडीचा फरक नाही. मग बाबांनी नागपूरला नेलं. पाठीत सुई घालून बाटलीभर लालसर पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. फुप्फुसाभोवती पातळ पडदा असतो म्हणे. माझा जाड झालाय, तिथंच पाणी साचतं. टीबी नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कारखान्यात काय काम करता? मला हसूच आलं. मी कारखान्याचं फाटकसुद्धा पाहिलेलं नाही. मग विचारलं, नवरा काय करतो, त्याचे कपडे कोण धुतं? बाबा पत्र्यांच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसच्या गोण्या फोडतात, तुला ठाऊकच आहे. लग्न झाल्यापासून रोज त्यांचा शर्ट मी अंगणात झटकत आलेय. पांढरी धूळ नाकातोंडात जायची, मी पदरानं पुसायची. रिकाम्या गोण्या फुकट मिळायच्या म्हणून किती खूश असायची मी! त्यांचेच पडदे, त्यांचीच अंथरुणं. तुझ्या बाळंतपणाच्या खोलीलाही त्यांचाच आडोसा शिवला होता.

याच धुळीनं हे दुखणं झालं असं बाई म्हणाल्या, ते बाबांना सांगितलं तर भडकले. "मले त काही नाही झालं, मंग तुले कसं होईन?" दुसऱ्या दिवशी मात्र आपला शर्ट नळावर स्वतःच भिजवून धुतला. नोकरी सोडणार नाहीत. मलाही सोडा म्हणवत नाही.

रजनी, पहिलं बाळंतपण माहेरीच, हे मला कळत नाही का? पण तू येऊ नकोस. गोण्या काढल्या, घर सारवलं, तरी ही धूळ कुठं कुठं बसलीय कोण सांगणार? बाळाचा पहिला श्वास या घरात नको. तुझ्या सासूबाईंना धुळीचं सांगशील तर त्यांना बहाणा वाटेल. हे पत्र चुलीत घाल आणि सांग, आईला टीबी झालाय. मग त्या तुला पाठवायच्याच नाहीत. नाव ठेवायच्या दिवशी मलाही बोलावणार नाहीत. चालेल मला.

तुझीच,
आई