फौजदाराचा घसा

१२ जानेवारी १९७४
फौजदार भुंकायचा थांबला! पंधरा दिवस झाले, तोंडातून आवाज म्हणून नाही. तेरा वर्षं गिरणीच्या दारात पोत्यावर बसून हे कुत्रं येईल त्या गिऱ्हाइकावर भुंकलं. आता वय झालं, घसा बसला. बसू दे. अठरा वर्षं डिझेल इंजिन सांभाळतोय मी – एक कुत्रं जड आहे का?

१३ जानेवारी
भोगी. बाजरीच्या दळणांची रीघ. तरी सवड काढून त्याच्या मागच्या पायांना तिळाचं तेल चोळलं, हळद-दूध पाजलं. दाढा गेल्यात, म्हणून भाकरी कुस्करून दिली. चाटूनपुसून खाल्ली! चार दिवसांत भुंकायला लावतो.

१६ जानेवारी
नाही भुंकला.

१९ जानेवारी
इंजिन काय मऊ चालतंय! मागच्या महिन्यात मीच खोलून साफ केलं. शिरूरच्या मिस्त्रीला जमलं नसतं.
या बायकांना मात्र काय झालंय कळत नाही. आज साखरबाई दळण घेऊन आली नि तोंडातल्या तोंडात पुटपुटली. म्हटलं, "जरा मोठ्यानं बोला की!" तर फिदीफिदी हसली. पूर्वी गिरणीत बायका कशा खणखणीत बोलायच्या.

२२ जानेवारी
फौजदाराला नवीनच खोड. इंजिनाचा पट्टा फिरत असताना मागून येऊन माझं धोतर ओढतो! आजवर त्यानं उंबरा ओलांडला नव्हता. पट्ट्यात सापडला असता म्हणजे? चांगला रागावलो, हाकलून दिला. मग वाईट वाटलं. म्हातारचळच तो, त्याला काय बोलायचं! दारात म्हस्कूआप्पा दळण घेऊन फुरंगटून उभे. "कवाधरनं उभा हाय," म्हणे.

२८ जानेवारी
बायको म्हणते, "आवो, भुंकतंय की त्ये! दुपारचं जरा पडू देत न्हाई." हिचं आपलं काहीतरीच. तेरा वर्षांची सवय, भास होत असणार.

२ फेब्रुवारी
बन्सीच्या कांद्याच्या ट्रकमधून फौजदाराला शिरूरला नेलं, जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी जबडा उघडून बघितला, पाय बघितले. तेवढ्यात कुणीतरी बैल आत आणला. फौजदार ताडकन उठला – मानेच्या शिरा ताणल्या, चारपाच वेळा तोंड वासलं. माझा जीव तुटला. म्हटलं, "बघा साहेब! नुसतं तोंड उघडतंय बिचारं!"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर काहीतरी बोलले. मग औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं –
'कुत्रा उत्तम भुंकतो. पायांना तेल चालू ठेवा. तुमचे कान दाखवा.'
परत येताना ट्रकमध्ये ती चिठ्ठी चार वेळा वाचली.

३ फेब्रुवारी
गिरणी चालू केली. इंजिनावर हात ठेवून बघितला. पहिल्यासारखंच थडथडतंय.
मागून धोतर ओढलं गेलं. वळलो तर दारात साखरबाई, डोक्यावर दळण. मी बघितलं तसा फौजदार लंगडत पोत्यावर जाऊन बसला.
माझ्या आधी त्याला कळलं होतं. आणि मी त्याला हाकललं.