अन्वीला कुठे बसवणार?

शिंदखेडा, सोमवार, दिवेलागणीला

ज्योती, सूनबाई, मी सांगते तसंच लिही. मध्ये तुझं शहाणपण नको.

खाजगी शाळांनी काही जागा गरिबाच्या लेकरांना फुकट द्यायच्या, असा कायदा आहे. त्याच्या सोडतीत माझ्या नातीचं, अन्वीचं नाव निघालं. आज कागद देऊन आलो. पण माझ्या डोक्यातून बाक काही जाईना. कायद्याने वर्गात घेतील हो, पण बसवतील कुठे? फीवाल्यांच्या मागे, भिंतीला? मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण पंगतीत शेवटी बसवलेल्या बाईला मागचा बाक शिकवावा लागत नाही.

ज्योती पदर ओढत होती, तरी मोठ्या मॅडमना विचारलंच, "मॅडम, मनी नातले कोठे बसाडशात?"

त्या हसल्या. "आजी, आम्ही उंचीप्रमाणे बसवतो. फी कोण भरतं ते पोरांना कळतही नाही."

"मग बसवूनच दाखवा," मी म्हटलं.

बाई भली. खरंच भरल्या वर्गात घेऊन गेली आणि पोरांना ओळीत उभं केलं. आमची अन्वी सगळ्यांत बुटकी निघाली. पहिला बाक!

बुटक्या घरात दिलं म्हणून मी जन्मभर बापाला बोल लावला. आज मनातल्या मनात माफ केलं. हसू नकोस ज्योती, लिही.

आता पोरगी वाढेल, वर्षागणिक एकेक बाक मागे जाईल. तसं मागे जाणं मला चालेल.