शिंपी खरं बोलू लागला

दि. ३ मार्च

ती. ताईस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे मजेत, फक्त दुकानात गिऱ्हाईक उरलेलं नाही. त्याचं असं झालं. गेल्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, विश्वास काय चर्चच्या कपाटात ठेवून यायची वस्तू आहे का? सोमवारी कामावर जाताना बरोबर न्या. मला ते फार लागलं. आम्हा शिंप्यांचा सगळा धंदा 'उद्या या' वर चाललेला! ठरवलं, दुकानात यापुढे खोटं बोलायचं नाही.

सोमवारी सकाळीच मुख्याध्यापिका आल्या, झगा झाला का म्हणून. मी सांगितलं, बाई, कापड अजून उलगडलेलं नाही, त्यावर मांजर झोपतं. मग बँकेतले साहेब आले, पँट आटली म्हणाले. मी म्हटलं, पँट होती तेवढीच आहे, पोट वाढलंय. शनिवारपर्यंत दुकानात मी, मशीन आणि मांजर एवढेच उरलो. तुझी भावजय म्हणते, घरी तरी तोंड बंद ठेवा.

सांगतोच आहे तर तुझंही सांगून टाकतो. तुझ्या निळ्या कोटाची डावी बाही मी दीड इंच आखूड कापली होती. तुझाच हात लांब आहे म्हणालो, ते खोटं.

रागावलीस तरी लोभ राखून ठेव.
तुझा, टिल्लू

दि. ९ मार्च

चि. टिल्लूस अ. उ. आ.

अरे गाढवा, सहा वर्षं मी डावा हात लांब समजून जगतेय! आमच्या वॉर्डातल्या हाडांच्या डॉक्टरांकडून दोनदा मोजून घेतला. हात सारखेच आहेत म्हणाले, तर मी त्यांनाच कच्चे ठरवलं. आज जाऊन माफी मागितली.

आता नीट ऐक. खोटं सोडलंस ते उत्तमच. पण मीही देवाचं नाव घेऊनच कामावर जाते. रुग्णाला सुई टोचताना दुखणार नाही असं मी कधीच सांगत नाही. दुखेल म्हणते, आणि माझा हात धरायला देते. तू नुसताच टोचत सुटला आहेस.

लोभ आहेच, तूर्त जरा आखडता घेतला आहे.
तुझी ताई

दि. २४ मार्च

ती. ताईस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी, बुधवारी, एक नवरदेव कापड घेऊन आला. लग्न शनिवारी! पहिल्या शिंप्याने त्याला ऐनवेळी टांग दिलेली. एरवी मी हो म्हणून मोकळा झालो असतो. खरं सांगितलं, एकट्याने होणार नाही. तो स्टुलावर मटकन बसला आणि रडायलाच लागला. मला तुझी सुई आठवली.

मग मी समोरच्या शिंप्याकडे गेलो. चार वर्षं आमचं बोलणं बंद. का, तर तो कपडे खळीने चिकटवतो असं मी गावभर सांगत असे. ते खोटं होतं, माफ कर, असं म्हणालो. त्याने बराच वेळ सुईत दोरा ओवला, मग म्हणाला की माझ्या दुकानातले कपडे मांजर शिवतं असं तोही सांगत असे. दोघंही एवढे हसलो की टेप गळ्यातून पडली. तो मशीन घेऊनच आला.

सूट झाला, पण घाईत पाठीची शिवण वाकडी गेली. शनिवारी नवरदेवाने विचारलं, कसा दिसतो? मी म्हटलं, शिवण तिरकी आहे बाबा, पण तुझा चेहरा असा खुललाय की पाठीकडे कोण बघतो!

तेव्हा लक्षात आलं नाही की लग्नात तो वेदीकडे तोंड करून, म्हणजे सगळ्या मंडळीला पाठ दाखवूनच उभा राहणार. मग आम्ही दोघं शिंपी पहिल्या रांगेत मध्यभागी उभे राहिलो, ते शेवटपर्यंत बसलोच नाही. संपल्यावर पाळकसाहेबांच्या पत्नी डोळे पुसत आल्या. म्हणाल्या, तुम्हा दोघांची भक्ती बघून भरून आलं.

आता मला खोटं बोलता येतं का? सांगितलं, बाई, भक्ती नाही, शिवण.

आम्हा दोन्ही शिंप्यांवर तुझा लोभ असू दे.
तुझा, टिल्लू